विसाव्याचा दिवस कोणाचा?



आजच्या शुभवर्तमानात (मार्क ६:३०-३४) प्रेषित आपली पहिली सेवा आटोपून प्रभू येशूकडे परत येतात. आपण काय केले, काय शिकवले, हे ते त्याला सांगतात. येशू लगेच पुढचे काम नेमून देत नाही. लोकांची ये-जा इतकी आहे की त्यांना जेवायलाही सवड मिळत नाही, हे तो पाहतो आणि त्यांना एकान्तात विसाव्यासाठी घेऊन जातो.

थकलेल्या माणसाकडे पाहण्याची देवाची हीच रीत आहे. एलिया संदेष्टा जगणे नकोसे होऊन झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, उठवून भाकर व पाणी दिले (१ राजे १९). डोंगरावर देवाशी बोलणे झाले ते त्यानंतर.

आपले काय होते? आठवडाभर पहाटेची लोकल आणि रात्रीचा परतीचा प्रवास. रविवारी मुलांचे क्लास, लग्ने, साखरपुडे, राहिलेली कामे. त्यात मिस्सा आपण 'उरकतो'. शेवटचा आशीर्वाद होण्याआधीच गाडीची किल्ली हातात येते. आम्ही धर्मगुरूही याला अपवाद नाही. मिस्सा, बाप्तिस्मा, सभा सारे पार पडते आणि रात्री प्रार्थनेचे पुस्तक उघडले की डोळे मिटू लागतात. देवाचे काम करता करता देवालाच वेळ न देणे, हा आमचा दोष आम्ही आपणांसमोर मान्य करतो.

पवित्र शास्त्रात शब्बाथाची आज्ञा दोन ठिकाणी येते आणि तिची कारणे वेगवेगळी आहेत. निर्गमाच्या २०व्या अध्यायात कारण आहे सृष्टीची निर्मिती : देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादाच्या ५व्या अध्यायात कारण आहे मिसरातील गुलामगिरी. गुलामाला सुट्टी नसते. त्याची किंमत त्याच्या कामावरून ठरते. म्हणून विसावा घेणे म्हणजे आळस नव्हे. मी देवाचे लेकरू आहे, माझे मोल माझ्या कमाईत नाही, ही ती कबुली आहे.

ही आज्ञा घरच्या कर्त्यापाशी थांबत नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, परका, इतकेच काय, बैल आणि गाढव यांनाही ती विसावा देते. आपल्या मुंबईत गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढा दिला म्हणून. दुसऱ्याला विसावा मिळावा म्हणून कोणाला तरी झटावे लागते.

मग आपण स्वतःला विचारू या : आपल्या घरात रविवार कोणाचा असतो? सगळे उशिरा उठतात, पाहुणे येतात, मटण शिजते, आणि आई सकाळपासून चुलीपाशी उभी असते. पहिल्या मिस्सेला धावतपळत येऊन ती तशीच परत जाते. भांडी घासायला येणाऱ्या बाईला आठवड्यातून एक दिवस भरपगारी सुट्टी आपण देतो का? आपला विसावा दुसऱ्याच्या थकव्यावर उभा असेल, तर तो प्रभूचा दिवस कसा म्हणावा?

शुभवर्तमानात पुढे काय घडले, तेही ध्यानात घेऊ या. होडी किनाऱ्याला लागली तेव्हा लोकसमुदाय आधीच तेथे पोहोचला होता. येशू रागावला नाही. मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे ते होते, म्हणून त्याला त्यांचा कळवळा आला. शिष्यांना मिळाला तो होडीतल्या प्रवासाएवढाच निवांतपणा. पण त्या होडीत प्रभू त्यांच्याबरोबर होता. आपल्यालाही मोठी सवड मिळेलच असे नाही. होडीएवढा वेळ मात्र काढता येतो.

तर या आठवड्यात तीन गोष्टी करू या. पुढच्या रविवारी मिस्सेला दहा मिनिटे आधी येऊन शांत बसू या, मोबाईल घरी ठेवून. एका संध्याकाळी पवित्र साक्रामेंतासमोर थोडा वेळ काढू या. आणि रविवारचे एक जेवण घरातील पुरुषांनी व मुलांनी रांधावे, आईला बसवून वाढावे.

हे प्रभू येशू, आमची दमणूक तू जाणतोस. आम्हांला तुझ्याजवळ विसावायला शिकव आणि आमच्यामुळे थकणाऱ्यांकडे पाहण्याची दृष्टी दे. आमेन.