मौन आणि संमति

मौन हें संमतीचें लक्षण होय, हा न्याय आपल्याकडे फार जुना आहे. लग्नाच्या बोलण्यांत, सभेच्या ठरावांत, भाऊबंदांच्या व्यवहारांत तो सर्रास वापरला जातो. ज्यानें हरकत घेतली नाहीं त्याचा होकार आहे, असें धरल्यावांचून चार माणसांचा संसारहि चालावयाचा नाहीं, हें खरें. परंतु हा न्याय कोठवर ताणावा, हा प्रश्न अलीकडे घरोघरीं एका अगदीं साध्या वस्तूनें उभा केला आहे. ती वस्तु म्हणजे मंदावलेला संगणक.

नवा आणला तेव्हां कळ दाबतांच जो सज्ज होत असे, तोच संगणक दोनतीन वर्षांनीं उठावयास पांचसात मिनिटें घेऊं लागतो. घरांतील मंडळी म्हणतात, यंत्र म्हातारें झालें. हें निदान पुष्कळ वेळां चुकतें. यंत्र झिजलेलें नसतें, त्याच्यावरील भार वाढलेला असतो. संगणक सुरू होतांना आपोआप सुरू व्हावयाच्या प्रोग्रॅमांची एक यादी त्याच्या पोटांत असते. संभाषणाचा एक, गाण्यांचा एक, छपाईयंत्राबरोबर आलेला एक, आणि आपली नवी आवृत्ति निघाली कीं नाहीं एवढेंच पाहत बसणारे आणखी चार, असे सर्व एकाच वेळीं प्रोसेसरपाशीं व डिस्कपाशीं गर्दी करतात. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क असली, तर तिचें वाचणारें टोक प्रत्येकाची मागणी पुरवण्यासाठीं तबकडीवर सारखें इकडून तिकडे धांवत राहतें. शिवाय मेमरी भरली म्हणजे तींतील मजकूर डिस्कवर नेऊन ठेवावा लागतो, आणि सकाळचा मंदपणा दिवसभर टिकतो.

आतां ह्या मंडळीस बोलावलें कोणीं? कंपन्यांस विचारलें तर उत्तर मिळेल कीं, तुम्हींच. प्रोग्रॅम घेतांना एका चौकटींत होकाराची खूण आधींच केलेली होती. तुम्हीं ती पुसली नाहीं. कित्येकदां अशी चौकटहि दाखविली जात नाहीं. निदान विंडोज 95 पासून, म्हणजे 1995 सालापासून, प्रोग्रॅमास ह्या यादींत आपलें नांव आपणच लिहून घेण्याची वाट मोकळी आहे.

न पुसलेली खूण म्हणजे होकार काय? ह्याविषयीं एक बोलकी तुलना आहे. 2003 सालीं एरिक जॉन्सन व डॅनियल गोल्डस्टीन ह्यांनीं 'सायन्स' ह्या नियतकालिकांत मरणोत्तर अवयवदानाचे आंकडे प्रसिद्ध केले. ज्या जर्मनींत आपणहून होकार नोंदवावा लागे तेथें संमति 12 टक्के होती. शेजारच्या ऑस्ट्रियांत नकार न नोंदविल्यास होकार धरला जाई, तेथें ती 99.98 टक्के होती. एक भाषा बोलणाऱ्या दोन शेजाऱ्यांच्या अंतःकरणांत एवढें अंतर असणें शक्य नाहीं. अंतर होतें तें कोऱ्या रकान्याचा अर्थ कसा लावावयाचा ह्यांत. म्हणजे मौन स्वतः कांहींच बोलत नसतें. बोलतो तो त्याचा अर्थ लावणारा. म्हणूनच त्या अर्थाची जबाबदारीहि त्याच्यावर पडते. ऑस्ट्रियांतील अर्थ कायद्यानें, उघडपणें आणि रोग्यांच्या प्राणांसाठीं लावला होता. संगणकांतील अर्थ कंपनी बहुधा आपल्या सोयीसाठीं लावते, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या वेळांतून वसूल होते.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, प्रत्येक गोष्ट विचारूनच करावयाची तर मनुष्य उत्तरें देतां देतांच थकून जाईल. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. त्याच यादींत विषाणूंपासून रक्षण करणारा प्रोग्रॅम असतो, मराठी टंकलेखनाची सोय करणाराहि असूं शकतो; ते न सांगतां उठतात हा उपकारच होय. म्हणून सरसकट सर्वांस हांकलणें हा शहाणपणा नव्हे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, गृहीत धरलेला होकार धन्याच्या हिताचा असावा, त्यास तो कळावा, आणि मोडावयास सोपा असावा.

मोडण्याची सोय आहे. विंडोज 98 मध्यें ह्या यादीसाठीं एक वेगळें साधन आलें. 2012 सालच्या विंडोज 8 पासून ती 'टास्क मॅनेजर'मध्यें आली. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबल्या कीं तो उघडतो. त्यांतील 'स्टार्टअप' सदरांत प्रत्येक नांवापुढें त्याचा भार अधिक, मध्यम कीं अल्प हेंहि लिहिलेलें असतें. तेथें 'डिसेबल' केल्यानें प्रोग्रॅम नाहींसा होत नाहीं. तो आपणहून उठत नाहीं, बोलावल्यास येतो. 2022 सालच्या मॅकओएस व्हेंचुरापासून ॲपलच्या संगणकांत असें नांव चढतांच धन्यास सूचना मिळते. आधीं विचारण्यापेक्षां ही सभ्यता कमी खरी, पण कांहींच न सांगण्यापेक्षां पुष्कळ बरी.

तरीहि खरी अडचण ज्यांस ही यादी आहे हेंच ठाऊक नाहीं त्यांची आहे. निवृत्तिवेतनाचा दाखला भरावयास बसलेले वृद्ध गृहस्थ मंद यंत्रापुढें तिष्ठतात, आणि दोष आपल्या बोटांस व आपल्या वयास देतात. किंवा कोणी तरी नवें यंत्र घ्या म्हणतो आणि साठविलेले पैसे खर्ची पडतात. त्यांच्या मौनास संमति म्हणणें हा अन्याय होय; कारण त्यांच्या कानांवर प्रश्नच आलेला नसतो. दिवाळीपूर्वीं माळा झाडावयाचा तशी वर्षांतून एकदां ही यादी झाडणें जाणत्यांस कठीण नाहीं. त्यांनीं शेजारीं खुर्ची घेऊन बसावें, एकेक नांव वाचून दाखवावें, आणि "हा हवा काय?" असें त्या वडील माणसास विचारावें. मग तीं हो म्हणोत वा नाहीं म्हणोत. तें उत्तर तरी त्यांचें स्वतःचें असेल.