मुळीनं विचारलेला प्रश्न

पावसाळा सरला की रोह्याच्या आसपास कुंपणांवर आणि झाडोऱ्यात खाजकुइलीच्या शेंगा लोंबू लागतात. शेंगेवरची तांबूस-सोनेरी लव अंगाला लागली की माणूस खाजवून हैराण होतो, म्हणून गुराखी पोरं तिच्या वाऱ्यालाही उभी राहत नाहीत. सह्याद्रीच्या ओलसर जंगलातली सर्पगंधा मात्र नजरेत भरत नाही. हात-दीड हात उंचीचं झुडूप, पेराशी तीन-चार पानांचं कडं, लाल देठांची पांढरी फुलं आणि जमिनीखाली वेडीवाकडी, कडूजहर मुळी. विसाव्या शतकात मनाचं रसायन उलगडलं, त्यात या दोघींचा वाटा आहे. आपल्याकडे तो फारसा सांगितला जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

साप चावला, झोप उडाली, डोकं फिरलं, की लोक सर्पगंधेची मुळी देत. 1931 मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की वेड आणि वाढलेला रक्तदाब, दोन्हींवर ती लागू पडते. बाहेरच्या जगानं दखल घेतली नाही. 1949 मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या 50 रुग्णांवरचा अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला, तेव्हा कुठे चक्रं फिरली. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं मुळीतून रिसर्पिन वेगळं काढलं. 1954 मध्ये न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरच्या वापराचे निष्कर्ष मांडले. वेडावरचा गुण लोकांना कधीचा ठाऊक होता, पण जगानं आधी रक्तदाबाचं ऐकलं. रक्तदाब मोजता येतो, हेच त्याचं कारण असावं.

गोळी म्हणून रिसर्पिनचा दबदबा फार टिकला नाही. त्याच सुमारास आलेलं क्लोरप्रोमाझिन पुढे गेलं. शिवाय रक्तदाबासाठी रिसर्पिन घेणारे काही जण खोल उदासीत जातात, अशा नोंदी येऊ लागल्या. विचाराला खरं वळण इथे मिळालं. रिसर्पिन दिलं की मेंदूतला सेरोटोनिनचा साठा ओसरतो, हे 1955 मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. मग उदासी म्हणजे अशाच एखाद्या द्रव्याची उणीव तर नव्हे? आज हे उत्तर इतकं सरळ वाटत नाही, उदासीच्या त्या जुन्या नोंदींवरही पुढे शंका घेतल्या गेल्या. तरी मनाच्या अवस्थेचा शोध मेंदूतल्या द्रव्यांत घ्यायची वाट या मुळीनं रुंद केली. तिच्या गोळीपेक्षा मला हे देणं मोठं वाटतं.

1957 मध्ये स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं. ससे कान पाडून निपचित बसले. मग मेंदूत ज्याचं डोपामिन बनतं ते एल-डोपा टोचलं, आणि थोड्याच वेळात तेच ससे उठून हिंडू लागले. डोपामिन हे मेंदूचं स्वतंत्र निरोप्या द्रव्य आहे, हे या धाग्यातून उलगडलं, कंपवाताच्या उपचाराची दिशा सापडली. कार्लसन यांना 2000 मध्ये नोबेल मिळालं. आता गंमत बघा. सर्पगंधेनं आडवे केलेले ससे ज्या द्रव्यानं उठले, ते एल-डोपा 1937 मध्येच दामोदरन आणि रामस्वामी यांनी खाजकुइलीच्या बियांतून वेगळं काढलं होतं. आयुर्वेदात तर ही बी जुन्या काळापासून वापरात आहे.

1978 मध्ये डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांवर खाजकुइलीचा उपयोग केल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. 2004 मध्ये लंडनमध्ये आठ रुग्णांवर झालेल्या चाचणीत बियांच्या पुडीचा गुण नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर आला आणि अधिक वेळ टिकला. आठ जणांवरून निकाल देता येत नाही. पण एल-डोपाखेरीज बियांत असं काय आहे, याचा शोध घ्यावासा वाटतो. सर्पगंधेच्या मुळीतही अल्कलॉइडं डझनांनी आहेत, मनाच्या औषधासाठी जगानं प्रामुख्यानं एकच उचललं. उरलेली तपासायची तर मुळी हवी, आणि मुळी उपटली की झाड जातं. 1990 पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आहेत. तेव्हा आधी सर्पगंधेची लागवड व्हायला हवी, आणि ती आपल्या कोकणात का होऊ नये?