खंडेराया, सोडायची रेस दाखव

हे खंडेराया, मल्हारी मार्तंडा, बाळ्याच्या देवा,

सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस सोलापूर सोडते न सोडते तोच तुझं बाळे येतं. डब्यातले निम्मे लोक डुलक्या काढत असतात. मी खिडकीतूनच तुला हात जोडतो. मांडीवर पुण्याचं रेसबुक, पिशवीत कडक भाकरी न् शेंगाचटणी, कपाळावर तुझा भंडारा. तू स्वतः घोड्यावर बसणारा देव. रेसचं मागणं तुझ्यापाशी नाही मागायचं, तर कुणापाशी?

पण नंबराचा कौल लावायला आलो नाही, देवा. कुठला घोडा येणार ते सांगू नकोस. दुसऱ्या घोड्यावर खेळणाऱ्यानंही तुलाच नवस केलेला असतो, आणि भंडारा दोघांच्या कपाळी सारखाच पिवळा. दिवसभरात सात-आठ रेस पळतात, त्यांतल्या कुठल्या सोडून द्यायच्या, एवढं मला कळू दे.

हँडिकॅप रेस आली की माझा हात आवर. चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन, कमी घोड्याच्या पाठीवर कमी. सगळे एका रेषेत पोचावेत म्हणूनच तो खटाटोप. जाणत्या माणसानं अक्कल खर्चून सगळ्यांना सारखं केलं, त्यांच्यात मी डोळे मिटून फरक काढायला जाऊ नये. मेडन रेसला, जिथं एकही घोडा अजून जिंकलेला नाही आणि काही तर पहिल्यांदाच पळणार, तिथं ऐकीव टिपेला भुलू देऊ नको. हजार मीटरची रेस मिनिटभरात संपते. गेटमधून निघताना पाऊल अडखळलं तर घोड्यालाही सावरायला वेळ नसतो, मला कुठून मिळणार? जुलै-ऑगस्टच्या पावसानं ट्रॅक जड झाला असेल, तर कोरड्या ट्रॅकवरचे आकडे घोकत बसू देऊ नको.

अकलूजच्या घोडेबाजारात जाणता गिऱ्हाईक घोड्याचं तोंड उघडून दात बघतो, खूर उचलून बघतो, चार पावलं चालवून बघतो, आणि मनाला पटलं नाही तर पैसे तसेच कनवटीला ठेवून घरी जातो. ती नजर दे. त्याहून ते रिकाम्या हातानं परतणं दे. पॅडॉकमध्ये घोडा फिरताना रेसआधीच घामानं फेसाळलेला दिसला, तर रेसबुकात त्याच्या नावाखाली ओढलेली रेघ मला खोडता येऊ दे.

घोडा बरोबर आणि भाव चुकीचा, असंही होतं, मार्तंडा. शंभर लावून वर पन्नासच मिळणार असतील, तर तो फेव्हरिट तीनांतून दोनदा जिंकला तेव्हा कुठे माझा हिशेब बरोबरीत सुटतो. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून पैजेवरचा जीएसटी चाळीस टक्के झाला. एवढं सगळं पाठीवर घेऊन पळणारा घोडा रोज जन्मत नाही, हे पैज लावायच्या खिडकीपाशी पोचण्याआधी आठवू दे.

फेब्रुवारीत मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर डर्बी येते. १९४३ पासूनचा तिचा मान, २४०० मीटरची दौड. वर्षभर रेसबुकाला हात न लावणाराही त्या दिवशी टिप देतो. नाव मोठं म्हणून पैजही मोठी, हा हिशेब माझ्या डोक्यात शिरू देऊ नको.

आणि शेवटची रेस, देवा! दिवसभराचं गेलेलं वसूल करायला सगळे तिच्यावर तुटून पडतात. त्या वेळी मला संध्याकाळी सहाची परतीची गाडी दाखव. घरखर्चाचं पाकीट वेगळं राहू दे, त्याला माझा हात लागू देऊ नको.

घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली सांगितलं. ते कौशल्य घोड्याच्या रक्तात, ट्रेनरच्या पहाटेच्या मेहनतीत, जॉकीच्या मनगटात. त्यातलं माझ्या वाट्याला किती आलंय, याचा विसर पडू देऊ नको.

माझ्यापुरतं मागून झालं. आता त्या मुक्या जिवांना सांभाळ. शेवटी आलेल्या घोड्यालाही चारा आणि थाप मिळू दे. पडणाऱ्या जॉकीला झेल. पहाटे खरारा करणाऱ्या सईसाच्या घरी चूल पेटती ठेव. जे घोडा न बघता फोनवरच्या बेकायदा बुकीला पगार देऊन मोकळे होतात, त्यांच्या बायकामुलांकडे आधी बघ.

आषाढात आपल्याच जिल्ह्यात, खुडूसला, वाखरीला, माउलींचे अश्व रिंगणात दौडतात. कुणी भाव पुकारत नाही. लोक टापांखालची माती कपाळाला लावतात आणि तृप्त होतात. त्यातली चिमूटभर तृप्ती मला रेसकोर्सवरही दे. जिच्यावर माझा रुपया नाही, ती रेसही मला मनापासून बघता येऊ दे. तेवढं जमलं, की खेळायच्या रेसची निवड माझी मी करीन. हरलो तरी तुझ्या नावानं बोटं मोडणार नाही.

सदानंदाचा येळकोट!