खडूने लिहिलेली नावे



नोव्हेंबर महिना आपण आपल्या मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवतो. २ तारखेला दफनभूमीत जातो, मेणबत्त्या लावतो, कबरींवर फुले वाहतो, मिस्सा अर्पण करतो. २०१६ साली याच २ नोव्हेंबरच्या रात्री अमेरिकेत एका खेळाचा निकाल लागला. त्या वेळी तेथील लोकांनी जे केले, ते या महिन्याशी इतके जवळचे आहे की त्याविषयी आपण बोलायला हवे.

बेसबॉल आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. तोही चेंडू-फळीचाच खेळ, एवढे समजले तरी पुरे. शिकागोच्या 'कब्ज' या संघाने १९०८ साली तेथील अजिंक्यपद, म्हणजे वर्ल्ड सिरीज, जिंकले होते. त्यानंतर विजय नाही. १९४५ नंतर तर अंतिम फेरीही नाही. त्या वर्षी एका दारू-दुकानदाराला त्याच्या बोकडासह मैदानातून बाहेर काढले, म्हणून संघाला शाप लागला, असे लोक म्हणू लागले. (शाप आणि नजर आपल्याकडेच मानतात असे नाही!) २००३ साली अंतिम फेरी अगदी हाताशी आली असताना एका प्रेक्षकाचा हात चेंडूला लागला. पुढच्या चुका खेळाडूंच्या होत्या, पण लोकांनी पराभवाचे खापर त्या बिचाऱ्याच्या माथी फोडले आणि त्याला तोंड लपवून राहण्याची वेळ आणली. लांबलेली आशा माणसाला कडवटही करते.

तरी लोकांनी संघ सोडला नाही. आजोबांनी नातवाचा हात धरून त्याला मैदानात नेले, बापाने मुलाला रेडिओजवळ बसवले. दर वर्षी हरायचे आणि 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणायचे. असे म्हणत म्हणत आजोबा गेले, बाप गेला.

२०१६ साली क्लीव्हलँडविरुद्ध एकास तीन असे मागे पडूनही कब्जने बरोबरी साधली. सातवा सामना बरोबरीत असताना पावसाने सतरा मिनिटे खेळ थांबवला आणि मग दहाव्या डावात ८-७ असा विजय मिळाला. १०८ वर्षांनी!

रिग्ली फील्ड हे कब्जचे जुने मैदान. त्याच्या बाहेरच्या विटांच्या भिंतीवर लोक त्या दिवसांत खडूने नावे लिहू लागले. खेळाडूंची नावे तर होतीच, पण त्याहून जास्त होती आपल्या माणसांची: वडिलांची, आजीची, गेलेल्या भावाची. हात पोहोचेल तिथपर्यंत भिंत भरली. कोणी दफनभूमीत जाऊन कबरीवर संघाचा झेंडा रोवला, कोणी टोपी ठेवली. एका मुलाने तर फार पूर्वी वारलेल्या वडिलांशी करार केला होता की, संघ अंतिम फेरीत गेला की सामना दोघांनी मिळून ऐकायचा. तो दुसऱ्या राज्यातून गाडी चालवत गेला आणि शेवटचा सामना त्याने वडिलांच्या कबरीपाशी बसून रेडिओवर ऐकला.

त्या माणसाला वेडा म्हणणे सोपे आहे. पण आपल्या घरी काय होते? मुलगी पदवी घेऊन येते, नवीन घराला फादर आशीर्वाद देतात, नातवाचा बाप्तिस्मा होतो, आणि जेवणाच्या गडबडीत आई हळूच भिंतीवरच्या फोटोकडे पाहते. "आज ते हवे होते." लगेच कोणीतरी दटावते, शुभ दिवशी डोळ्यांत पाणी नको. का नको? ज्यांनी त्या दिवसासाठी कष्ट केले आणि जे तो दिवस पाहण्याआधी गेले, त्यांच्यासाठीचे ते पाणी आहे. मोठा आनंद आला की आपण आधी त्यांनाच शोधतो.

वृद्ध शिमोनाने मंदिरात बाळ येशूला हातांत घेतले आणि तो कृतार्थ झाला (लूक २:२५-३२). पण त्याच्याआधी किती शिमोन वाट पाहून गेले असतील! मोशेलाही वचनदत्त देश डोंगरावरून नुसता दिसला. त्यांची वाट पाहणे फुकट गेले का? इब्री लोकांस पत्र (११:३९-४०) सांगते की, वचनाचे फळ त्यांच्या हाती पडले नाही, कारण आपल्याला सोडून त्यांना पूर्णत्व मिळू नये अशीच देवाची योजना होती. पुढच्याच अध्यायात हे सारे साक्षीदार धावपटूंभोवती मैदानात दाटलेल्या प्रेक्षकांसारखे दिसतात.

यालाच आपण श्रद्धांगीकारात संतांचा समागम म्हणतो. मात्र एक फरक आहे. शिकागोच्या लोकांना आपल्या मृतांना बातमी कळवायची होती. आपल्या मृतांना विजयाची बातमी आपण द्यायची नसते. मरणावरचा विजय येशूने कधीच मिळवला आहे, आणि ते त्याच्या हातात आहेत. त्यांना आपल्याकडून हवी आहे ती प्रार्थना, आणि ती मिस्साबलीत पोहोचते. कब्ज तर पुढच्याच वर्षी, २०१७ साली, अंतिम फेरीआधी हरले. खेळाचे ते तसेच असते.

या महिन्यात मृतांच्या नावांची यादी देताना घाईने 'सर्व कुटुंबीय' असे लिहू नका. आजोबांचे, आजीचे, लहानपणी गेलेल्या भावंडाचे, एकेकाचे पूर्ण नाव लिहा. मुलांना जवळ बसवा. त्यांना ठाऊक नसलेले नाव आले, तर ते कोण होते आणि कशाची वाट पाहत होते, हे त्यांना सांगा.