चारपैकी दोन टायर



महागडी गाडी घ्यावी की घेऊ नये, ह्यावर आपल्याकडे भरपूर बोलले जाते. घेणाऱ्याला कुणी उधळ्या म्हणतो, कुणी त्याच्या कष्टांचे कौतुक करतो. मला वाटते, गाडीविषयीचे खरे प्रश्न ती दारात उभी राहिल्यावर सुरू होतात आणि सर्वांत अवघड प्रश्न ती दारातून जाताना पडतो.

आपल्या धर्मग्रामातला एक तरुण कॅनडात नोकरी करतो. त्याने तिथे एक जुनी जर्मन सेडान घेतली होती. चामड्याच्या सीट, सगळा थाट आणि चारही चाकांना इंजिनाची ताकद. आता ती त्याला विकायची आहे. घेणारा आहे नुकताच तिथे आलेला दुसरा भारतीय मुलगा. गाडी सरळ रस्त्यावर उत्तम चालते. पण स्टेअरिंग पूर्ण वळवून पार्किंगमधून हळू बाहेर काढताना हिसके देते. त्याने आईमार्फत मला विचारले : "फादर, त्याने विचारले तर मी खरे सांगेन. पण त्याने विचारलेच नाही तर?"

हिसके का बसतात, हे आधी समजून घेऊ, कारण नीतीचा प्रश्न तिथेच दडला आहे. अशी गाडी बर्फासाठी जन्मली. १९७६-७७ च्या हिवाळ्यात उत्तर युरोपातील बर्फात चाचण्या चालू असताना फोक्सवॅगनच्या 'इल्टिस' ह्या साध्या लष्करी वाहनाने अधिक ताकदीच्या गाड्यांना मागे टाकले. ऑडीचे अभियंते योर्ग बेन्सिंगर ह्यांनी ते हेरले, आणि १९८० साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात 'क्वात्रो' आली. पुढे १९८५ मध्ये बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजनेही आपल्या सेडानसाठी तशी व्यवस्था दाखवली.

वळताना चारही चाके सारखे अंतर कापत नाहीत. म्हणून पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये त्यांना थोडे वेगळे फिरू देणारी यंत्रणा असते. काही गाड्यांत ती तेलात बुडालेल्या क्लच-प्लेटांची असते. ह्या तरुणाने दोन वर्षांपूर्वी पुढचे दोनच टायर बदलले. चार घ्यायचे तर खर्च दुप्पट. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल, मागच्या घासलेल्यांची ३. फरक क्षुल्लक वाटतो. पण हिशेब करा : मागचे चाक तेवढेच लहान, म्हणून दर किलोमीटरला ते सुमारे सातआठ फेऱ्या जास्त मारणार. सरळ रस्त्यावरही यंत्रणेला वाटते, की चाक घसरते आहे. प्लेटा घासत राहतात, तेल तापते. (हे तेल 'आयुष्यभराचे' आहे, बदलावे लागत नाही, असे काही वेळा सांगितले जाते. कोणाच्या आयुष्यभराचे, हे मात्र कुणी सांगत नाही.)

आणखी एक गोष्ट. दहा वर्षांची आलिशान गाडी साध्या गाडीच्या किमतीत मिळते, पण तिचे सुटे भाग साध्या गाडीच्या किमतीत मिळत नाहीत. हत्ती स्वस्तात मिळाला तरी त्याचा चारा स्वस्त होत नाही. जुनी किंमत ज्याला परवडते, त्याला दुरुस्ती परवडेलच असे नाही. तिकडे नव्याने आलेल्या मुलाची सगळी शिल्लक त्यात जाऊ शकते.

प्रश्न जुना आहे. इसवी सनापूर्वी ४४ साली सिसेरोने आपल्या कर्तव्यांवरील ग्रंथात दोन तत्त्वज्ञांचा वाद मांडला. घरात दोष आहे हे विकणाऱ्यालाच ठाऊक आहे. त्याने सांगावे का? डायोजेनिस म्हणतो, न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. अँटिपेटर म्हणतो, सांगितलेच पाहिजे. सिसेरोने अँटिपेटरची बाजू घेतली. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस ह्यांनी त्यात एक उपयुक्त भेद केला. घोड्याला एक डोळा नाही, हे कुणालाही दिसते. किंमत त्या मानाने कमी असली, तर बोलण्याची सक्ती नाही. पण दोष झाकलेला असेल आणि त्यातून घेणाऱ्याचे नुकसान किंवा धोका संभवत असेल, तर सांगणे बंधनकारक आहे.

मग टायर दिसणारा दोष की न दिसणारा? इथे मी बराच वेळ अडलो. नक्षी झिजली आहे, हे खाली वाकून पाहिले तर दिसते. पण त्या झिजेने आत काय केले, हे दिसत नाही. "त्याने मेकॅनिक आणावा, डोळे उघडे ठेवून घ्यावी," असे म्हणणाऱ्याला संत थॉमस विचारतील, की जे समोरच नाही त्याचा निवाडा घेणारा कसा करणार? दारावरचा ओरखडा सोडून द्या. हिसका सांगावा लागेल.

"पण नेमके काय बिघडले आहे हे मलाच ठाऊक नाही," असेही तो म्हणाला. खरे आहे. मात्र त्याने दोन महिन्यांत गाडी गॅरेजला नेली नाही, ती कळू नये म्हणूनच. मुद्दाम पत्करलेले अज्ञान माणसाला मोकळे करत नाही. आणि निदान करायला कुणी सांगितलेच नाही. जे हाताला जाणवते, तेवढे सांगायचे. जाहिरातीत लिहायची गरज नाही. दोषाची दवंडी पिटावी, असे संत थॉमसही म्हणत नाहीत. जो घ्यायला आला आहे, त्याला सांगणे पुरे. त्याला शेजारी बसवून पार्किंगमध्ये एक पूर्ण वळण घेतले की झाले.

आपल्याकडेही हे लागू आहे. मे महिन्यात जी विहीर मचूळ होते, तिची वाडी ऑगस्टमध्ये विकताना आपण पाण्याचा तांब्या कौतुकाने पुढे करतो.

राहिला त्याचा शेवटचा मुद्दा : "मला विकणाऱ्याने तरी कुठे सांगितले होते?" ह्या वाक्यात दुखणे आहे, म्हणून ते मी हलके मानत नाही. पण फसवले त्या माणसाने. भरपाई त्याच्याकडून मागायची, नव्या मुलाकडून नव्हे. शिवाय हे टायर त्याने स्वतः बसवले आहेत. दोन टायरचे वाचलेले पैसे दोन वर्षे त्याच्याच खिशात होते. किंमत किती कमी करायची, हे ठरवताना त्याने सुरुवात तिथून करावी, असे मी त्याच्या आईला सांगितले आहे.