ओट्याशी पाहुणा उभा राहत नसतो

बस समोर. आणि तो चकचकीत कॅटलॉग आधी मिट.

आठ बाय दहाचं स्वयंपाकघर आणि त्यासाठी २,८०,००० रुपयांचं कोटेशन! तेही पर्सनल लोन काढून. बारा टक्क्यांनी तीन वर्षांचा हप्ता किती बसतो ते काढलंस? मी काढलं. महिन्याला सुमारे ९,३०० रुपये. कर्ज फिटेस्तोवर नुसत्या व्याजापायी ५५,००० जातील. माझ्या गृहविज्ञानाच्या वर्गात घरखर्चाच्या अंदाजपत्रकाला पैकीच्या पैकी मार्क घेणारी पोरगी तू, आणि दुकानातल्या पोराने थ्रीडी चित्र दाखवलं की भुललीस. काऊन बाप्पा?

कोटेशन नीट वाचलंस तरी का? अ‍ॅक्रिलिकची शटरं आहेत, सॉफ्ट क्लोज चॅनेल आहेत, काचेमागे दिवे आहेत. एक्झॉस्ट फॅन? नाही. इंडक्शनसाठी वेगळा पॉइंट? नाही. सिंकखाली गेल्या दिवाळीपासून टिपटिपणाऱ्या पाइपाचं तर नावही नाही. पाहुण्याला दिसेल त्यावर सगळा पैसा, आणि भर उन्हाळ्यात तिथे उभी राहणार त्या बाईसाठी छदाम नाही. ती बाई कोण? तूच ना!

नागपुरात राहतेस तू. नवतपात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि तुझ्या स्वयंपाकघराची भिंत पश्चिमेची. तुम्ही काय करता? हॉलमध्ये कूलर लावता आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेता. कूलर पाण्याचं बाष्प करून हवा गार करतो, त्या ओल्या हवेला बाहेर पडायला वाट नसली की घरभर चिकचिक होते, हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. मग ती वाट स्वयंपाकघरातून काढ ना! शेगडीजवळच्या बाहेरच्या भिंतीत, वरच्या बाजूला, दमदार एक्झॉस्ट बसव आणि दार उघडं ठेव. हॉलमधली गार हवा तुझ्या अंगावरून जाईल, फोडणीचा ठसका बाहेर पडेल. छताच्या पंख्याने ज्योत फडफडते, तसंही काही होणार नाही. कोटेशनातल्या त्या एका कोपऱ्यातल्या फिरत्या कप्प्याच्या किमतीत हे सगळं होऊन पैसे उरतील.

आपल्या भागात स्वयंपाकघर सुधारायला निघालेल्या लोकांनी हाच क्रम धरला: आधी बाईचा त्रास, मग देखणेपण. वर्ध्याच्या मगनवाडीतून मगन चूल आली, नागपुरातल्या नीरी या संशोधन संस्थेने 'निर्धूर' चूल तयार केली. दोन्ही ठिकाणी विचार झाला तो बाईच्या डोळ्यांत जाणाऱ्या धुराचा. चुलीला रंग कोणता शोभेल, यावर कोणी डोकं खाजवत बसलं नाही.

आता सामानाचं. तुझ्या वहिनीकडे सिंकखालची ट्रॉली मी परवाच उघडून पाहिली. कडेची पट्टी उचकटलेली, खालची फळी फुगून आलेली, शटर अर्ध्यावर अडतं. अंगठ्याने दाबलं तर ओल्या बिस्किटासारखा भुगा हातात आला. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा आणि डिंक दाबून केलेली फळी. वरचं लॅमिनेट कितीही देखणं असो, कडेतून पाणी शिरलं की खेळ संपला. तुझ्या कोटेशनात 'प्रीलॅम' लिहिलंय ना, तेच हे. सिंकखाली लाकूडच हवं असेल तर लकडगंजात जा आणि आयएस ७१० चा शिक्का असलेला प्लाय माग. तो ७२ तास उकळत्या पाण्याच्या चाचणीतून जावा लागतो. शिक्का स्वतःच्या डोळ्यांनी बघ, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नको.

पण सगळ्यात जास्त राग मला याचा आला, की तुझ्या ओट्याखाली कडप्प्याचे धड खण आहेत आणि ते फोडून तिथे भुशाचे डबे बसवायला तू निघालीस! कडप्प्याला उधई लागत नाही, तो पावसाळ्यात फुगत नाही. खण घासून घे, मापाने अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीची शटरं लावून घे, झालं. वरच्या कडप्प्यावर लिंबाचे, चिंचेचे डाग पडलेत ते खरं. तो चुनखडीचा दगड, आंबटाने खाल्ला जातोच. त्यावर ग्रॅनाइट टाक. त्याने ओटा इंचभर चढेल, म्हणून आधी उंची मोज. मिस्त्री स्वतःच्या कमरेच्या हिशेबाने ओटा बांधतो आणि पाठ दुखते तुझी. कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा हवा. जास्त चढत असेल तर जुना दगड काढून मग ग्रॅनाइट बसव.

आणि 'मॉड्युलर, मॉड्युलर' काय लावलंयस? बसवलेल्या फडताळांच्या ज्या स्वयंपाकघराचं नाव जगभर झालं, ते फ्रँकफुर्टचं, १९२६ मधलं, मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या बाईने आखलेलं. कामगारांच्या स्वस्त घरांसाठी! जेमतेम सव्वासहा बाय सव्वाअकरा फूट, म्हणजे तुझ्यापेक्षा लहान. तिने बाईची पावलं आणि वेळ मोजून वस्तूंच्या जागा ठरवल्या. तू काय मोजलंस? तुझा फ्रिज अजून हॉलमध्ये आहे. कोथिंबिरीच्या एका काडीसाठी दिवसातून दहा चकरा मारतेस, आणि त्या नव्या चित्रातही फ्रिज हॉलमध्येच आहे.

गॅस आणि विजेचं थोडक्यात सांगते, कारण त्यात चर्चेला जागा नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो, म्हणून सिलिंडरच्या खणाला बंद शटर नको, तळाशी जाळी हवी. आणि नळीवरची मुदत आज घरी गेल्या गेल्या वाच. २,००० वॅटचं इंडक्शन नऊ-एक अँपिअर ओढतं, ते सहा अँपिअरच्या बोर्डावर एक्स्टेंशन लावून चालवतेस, त्याला सोळाचा पॉइंट आणि जाड वायर घे.

अॅडव्हान्स दिला नाहीस तेवढं बरं केलंस. उद्या इलेक्ट्रिशियनला बोलव, मग प्लंबरला, मग मिस्त्रीला. भिंती फोडायच्या त्या एकदाच फुटू देत. शटरचा रंग सगळ्यात शेवटी, पैसे उरले तर. नाही उरले तर वर्षभर पडदा लाव, कोणी जेवायचं थांबत नाही. आणि महिन्याभराने मला हिशेबाची वही दाखवायला ये, पावत्यांसकट.