गळा कुणाचा?

माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या १९९६ साली टेपवर भरून घेतल्या गेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं काम उभं केलं होतं. सगळा संग्रह एक लाखाच्या वर ओव्यांचा. २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या येऊ लागल्या. आज बीडचं कुठलंही पोरगं मोबाईलवर त्या ऐकू शकतं.

मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. ओवी जपली, पण गाणारीला मानलं का? शहाणी माणसं सांगतात, ओवी कुणा एकीची नसते, ती तोंडोतोंडी चालत येते, मग नाव कशाला? शब्द सगळ्यांचे, कबूल. पण गळा? पहाटे उठून दळणारा तो गळा एकीचाच होता ना!

नाव पुसलं की काय होतं ते पाहायला जमैकात जावं लागेल. हे बेट आपल्याला क्रिकेटमुळं ठाऊक. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांची लेकरं तिथं राहतात. १९५० च्या दशकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत साउंड सिस्टीम निघाल्या. मोठाले स्पीकर ट्रकवर लादायचे आणि उघड्यावर नाच लावायचा. आपल्या जयंतीची गाडीच म्हणा की! आधी अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या रेकॉर्डी वाजायच्या. मालकांची आपसात एवढी चुरस की रेकॉर्डीवरचं लेबल खरवडून टाकायचे, दुसऱ्याला नाव कळू नये म्हणून. क्लेमंट 'कॉक्सन' डॉड या मालकाची 'कॉक्सन हॉप' फार गाजली. मुळात ती विलिस जॅक्सन या अमेरिकन सॅक्सोफोनवाल्याची. लेबल गेलं आणि गाणं मालकाचं झालं.

याच मालकांनी पुढं तिथल्याच वादकांना धरून रेकॉर्डी काढल्या, त्यातून स्का घडलं. गिटारचा झटका दोन ठोक्यांच्या मधल्या जागी पडतो, पाय स्वस्थ राहत नाही. ६ ऑगस्ट १९६२ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा याच संगीताची हवा होती. १९६४ साली निघालेल्या स्काटलाइट्स या ताफ्यातले डॉन ड्रमंड, टॉमी मॅकूक असे चौघे अल्फा नावाच्या गरीब पोरांच्या शाळेत बाजा शिकलेले. वादकाच्या हाती बहुतेक वेळा त्या दिवसाची मजुरी, पुढं किती खपलं त्याच्याशी संबंध नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या जिल्ह्याला हा हिशेब समजावून सांगायला नको. नंतर लंडनच्या ट्रोजनसारख्या कंपन्यांनी जुन्या गाण्यांचे संच काढले. बऱ्या संचासोबत पुस्तिका असते, कोण काय वाजवतंय ते छापलेलं असतं. म्हणून ट्रोम्बोन वाजला की मी 'ड्रमंड' म्हणू शकतो. नाहीतर सगळंच नुसतं 'जमैकन संगीत'.

माजलगावच्या नोंदीत नावं आहेत: राधाबाई बोऱ्हाडे, वाल्हाबाई टाकणखार. गाव, वय, धंदा, आणि हो, जातही. आपल्यातल्या काहींना हे खटकतं. बाबासाहेबांनी जात सोडायला सांगितली, मग हा रकाना कशाला? राग खरा आहे. तरी मी म्हणतो, राहू द्या. तो रकाना काढला तर या ओव्या उद्या 'मराठी लोकधन' होतील, गावकुसाबाहेरून आल्या हे कुणालाच आठवणार नाही. जात्याचा उमाळा मात्र मला नाही. गिरणी आली, बाईचे हात सुटले, बरं झालं. ओवीसाठी तिला पुन्हा दळायला बसवायचं काय?

दुसऱ्यांचं सोडा. आपल्या मिरवणुकीतला पेन ड्राइव्ह बघा. 'भीमगीत नवीन १', 'डीजे मिक्स ४'. त्यात वामनदादा कर्डक निनावी वाजतात. लिहिणारा कोण, गाणारा कोण, विचारलं तर पोरं म्हणतात, वाजतंय ना, मग झालं.